तांब्याचं बूड आणि विहिरीतले मासे

*सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलवर चित्रकला शिकवते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, होऊन अकरा वर्षं झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचा निकाल दरवर्षी चांगला लागतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवरचा वारली तारपा नाच मीच रंगवलाय, त्यामुळे गावात थोडंफार नावही आहे. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. सहावीतल्या एका मुलानं 'आमचे शेत' या विषयावर विहीर काढली. विहिरीचं तोंड वरून पाहिल्यासारखं गोल गरगरीत, आणि आतले मासे, कासव, पायऱ्या, मोटरीचा पाइप सगळं बाजूनं. मी त्याच्याच कागदावर लंबवर्तुळ काढून दाखवलं आणि दहापैकी चार दिले. तेव्हापासून तो मोबाइलमधली कार्टून बघून उतरवतो, मनानं काही काढत नाही. दुसरी गोष्ट अशी की, एका प्रशिक्षणात चित्रकार गायतोंडेंचं चित्र पडद्यावर दाखवून 'काय दिसतं?' असं विचारलं. कुणीतरी 'गळकी भिंत' म्हणालं, सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर वाटलं, मला तरी काय कळलं होतं? आणि स्वतःसाठी शेवटचं चित्र कधी काढलं तेही आठवेना. कलाशिक्षकाला नक्की काय यायला हवं? चित्र काढणं, चित्र समजणं, की दोन्ही?*

*– एक कलाशिक्षिका*

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा विहिरीपाशी अडलो, दुसऱ्यांदा तुमच्या शाळेच्या भिंतीपाशी. भिंतीची गंमत पुढे सांगतो.

आधी तुमच्या शेवटाकडच्या वाक्याचं. स्वतःसाठी चित्र कधी काढलं ते आठवत नाही, हे तुम्ही हळूच कोपऱ्यात लिहिलंय, पण सगळ्या पत्राची मेख तिथेच आहे. मीही त्यातून गेलोय. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी फळ्यावर एक पोपट काढायचो. पेरूच्या फांदीवर बसलेला, मान वळवलेला, दहा-बारा रेघांत पुरा. मुलं खूश व्हायची. एकदा दारात उभे असलेले आमचे शिपाईमामा म्हणाले, "सर, तुमचा पोपट काय म्हातारा होईना बघा." ते आपले सहज बोलले. मला मात्र आठवडाभर टोचत राहिलं. खरा पोपट नीट बघून मला किती वर्षं झाली होती? मी माझाच पोपट माझ्याच फळ्यावरून उतरवत होतो. तुमचा तो मुलगा कार्टून उतरवतो तसाच.

कलाशिक्षकाचं हे असंच होत जातं. पंधरा ऑगस्टची रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताचा फळा, प्रमाणपत्रांवर वळणदार नावं. वर्षभर हात रंगलेले आणि चित्र एकही नाही. त्यात चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांची राखीव जागा, पोर्शन मागे पडला की पहिला तोच जातो. शाळेला कलाशिक्षक नको असतो, डेकोरेटर हवा असतो. यातलं एखादं काम यंदा सरळ नाकारा. कुठलं ते तुम्ही ठरवा, पण एक तरी नाकारा आणि तो वेळ तांब्याला द्या.

तांब्या म्हणजे आपला वस्तुचित्रातलाच. तुम्ही तो शेकडो वेळा शिकवला असेल. मुलं हमखास काय करतात? तोंड छान लंबगोल काढतात आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ. आपण लाल पेनानं बूड वाकवतो आणि पुढच्या बाकाकडे सरकतो. पण पोरं ते सरळ का काढतात? तांब्या टेबलावर सपाट बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं म्हणून. हात डोळ्याचं ऐकायचं सोडून माहितीचं ऐकतो. खरं तर वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं दिसतं. म्हणजे रुंदीच्या मानानं बुडाचा वाक तोंडाच्या वाकापेक्षा जास्त हवा. हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं की पाठ होतं, दिसत मात्र नाही. त्यापेक्षा हातातली एक बांगडी काढा आणि डोळ्यासमोर आडवी धरा. नुसती रेघ दिसेल. हळूहळू खाली न्या. रेघेची फट होते, फटीचा लंबगोल होतो, कमरेपाशी आली की जवळजवळ गोल. वर्गातल्या प्रत्येकानं एकदा हे करून बघितलं की बुडाबद्दल पुन्हा बोलावं लागत नाही. राहता राहिली दोन्ही कडांची टोकं. लंबगोलाला टोक नसतं, आणि मुलं करंजी काढतात. "करंजी झाली," एवढंच मी म्हणायचो, पोरं हसून खोडायला लागायची.

रंगाचीही तीच तऱ्हा. पितळ म्हणजे पिवळा आणि तपकिरी, डावीकडे उजेड, उजवीकडे सावली, अशी आपली एक ठरलेली पाककृती आहे. खरा तांब्या घासूनपुसून खिडकीपाशी ठेवा आणि त्याच्या पोटाकडे बघा. पोटावर ती खिडकीच उमटलेली असते, गजांसकट, फुगून वाकडी झालेली. तिथला पांढरा म्हणजे रंग नव्हेच, कोरा कागद. जलरंगात तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, मागाहून पांढरा फासला की चमक जाते. सावलीच्या बाजूला सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नसतो, जरा आत असतो. कडेवर खालच्या कापडाचा उजेड उलटा चढलेला असतो. कापड लाल असेल तर पितळाची कड लालसर. हे सगळं मला कॉलेजात सांगितलं गेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. दिसलं मात्र शिपाईमामांच्या त्या टोमण्यानंतर, एक महिना रोज तांब्यासमोर बसल्यावर.

तुम्हीही बसा. रोज पंधरा मिनिटं, तोच तांब्या. एक दिवस कोळशानं, एक दिवस शाईत बुडवलेल्या काडीनं. एक दिवस कागदाकडे अजिबात न बघता, नजर तांब्याच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवत आणि हात तिच्या चालीनं चालवत. चित्र हास्यास्पद येईल, पण कड कधी नव्हे इतकी बघितली जाईल. एक दिवस तांब्या काढूच नका, त्याच्या भोवतीची रिकामी जागा तेवढी काढा. खोडरबर महिनाभर कपाटात. आणि यातलं काहीही स्टेटसला टाकू नका.

मग वर्गात मुलं काढत असतील तेव्हा मागच्या बाकावर बसून तुम्हीही काढा. बिघडलं तर बिघडलेलं त्यांना दिसू द्या. फळ्यावर आपण फक्त जमलेलं दाखवतो, म्हणून मुलांना वाटतं बाईंचं कधी चुकतच नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत, १९४४ पासून देवी प्रसाद कला शिकवत होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेला हा माणूस स्वतः चित्रकार आणि कुंभार होता. मुलांच्या चित्रांविषयी त्यांनी लिहिलेलं हिंदीत आहे, हाती लागलं तर वाचा. स्वतःच्या हाताला माती लागलेला माणूस दुसऱ्याच्या चित्राकडे कसा बघतो, ते त्यात दिसतं.

आता विहीर.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचा एक अभ्यासक ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेला आणि १९४७ मध्ये त्यानं मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोट्या. मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं. सात ते नऊच्या सुमारास प्रत्येक मुलाची चिन्हं ठरतात: झाड असं, घर असं, सगळं एका जमिनीच्या रेघेवर उभं, आणि भिंतीआड असलेली माणसंही आरपार दिसणारी. नवाच्या पुढे हळूहळू 'खऱ्यासारखं दिसायला हवं' ही ओढ लागते. वयं फार काटेकोर धरू नका, पोरागणिक मागंपुढं होतं. पण ही मांडणी कलाशिक्षकानं डोक्यात ठेवावी अशी आहे, कारण तुमचा अकरा वर्षांचा मुलगा बरोबर उंबरठ्यावर उभा आहे. एक पाय 'मला जे ठाऊक आहे ते काढतो' मध्ये, दुसरा 'मला जे दिसतं ते काढतो' मध्ये. 'मला चित्र येत नाही' असं म्हणून कायमचं सोडून देणारी बहुतेक माणसं याच वयात सोडतात. तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून बघा, त्यांचंही असंच सातवी-आठवीत सुटलेलं असेल.

त्यानं काय काढलं होतं ते आठवा. पाणी, मासे, कासव, पायऱ्या, पाइप. त्याला ती विहीर आतून ठाऊक होती, बहुतेक पोहायलाही उतरत असेल. आता काठापासून चार पावलांवर उभं राहून तीच विहीर बघितली तर काय दिसेल? कठड्याचा लंबगोल आणि समोरच्या बाजूचं थोडं दगडकाम. पाणीसुद्धा दिसणार नाही. तुमच्या रेघेनं विहीर बरोबर झाली, आणि मासे गेले.

आणि त्यानं निवडलेली रीत काही अडाणीपणाची नाही. इजिप्तमध्ये नेबामुन नावाच्या, धान्याचा हिशेब ठेवणाऱ्या एका कारकुनाच्या थडग्यात इ.स.पू. १३५० च्या सुमाराचं एक भित्तिचित्र होतं, आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मोबाइलवर शोधून बघा. बागेतलं तळं वरून पाहिलेलं, चौकोनी. त्यातले मासे, बदकं आणि कमळं मात्र बाजूनं. ज्या वस्तूची जी बाजू सगळ्यात जास्त सांगते, ती बाजू घ्यायची, असा तो हिशेब आहे. तुमच्या सहावीतल्या गड्यानं तोच केला.

पण इजिप्तला तरी कशाला जायचं? तुमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीसमोर जाऊन उभ्या राहा. तारपा नाच. नाचणाऱ्यांचा वेढा वरून पाहिलेला, शंखासारखा आत वळत गेलेला, मध्ये तारपा वाजवणारा. आणि त्या वेढ्यातला एकेक नाचणारा? बाजूनं. वरून बघितलं तर नुसती डोकी दिसायला हवीत. तुम्ही ती भिंत रंगवली, गावानं वाखाणली, आणि तिच्याच आड बसून त्या पोराला त्याच रीतीसाठी दहापैकी चार दिले.

चित्र काढता येणं आणि समजणं यात फट पडते ती अशी. हाताला वारली येत होती, डोळ्याला कळली नव्हती. यात तुम्ही एकट्या नाही. शाळाशाळांतून आपण वारली म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे, एवढंच शिकवतो; मग ती पणत्यांवर, फायलींवर, कुर्त्यांवर जाते. मुळात ती कुठली? डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. कुडाच्या भिंतीला शेण-माती-गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघट ही लग्नाची देवी. त्या चौकाशिवाय लग्न पुढे सरकत नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं विधीबाहेर, कागदावर आणली, जाळी, शेतं, मुंग्या, माणसं काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बायकांच्या हातातलं, लग्नापुरतं असलेलं चित्र एका पुरुषानं रोजचं केलं, हा बदल केवढा मोठा आहे ते आठवीच्या मुलांना सांगितलं तर ती कान टवकारून ऐकतात, मी बघितलंय. कुणी काढलं, कुठे, कधी, कशावर, कशासाठी? हे पाच प्रश्न त्रिकोणाच्या आधी विचारा.

गायतोंडेंकडे येतो. 'गळकी भिंत' म्हणणाऱ्याला मी हसणार नाही. त्याला निदान काहीतरी दिसलं. चूक प्रश्नाची होती. पडद्यावर दोन मिनिटांसाठी फेकलेल्या फोटोकडे बोट दाखवून 'काय दिसतं?' विचारलं की चित्राचं कोडं होतं, आणि कोडं सुटलं नाही की माणसं हसतात. वासुदेव गायतोंडे जन्मले १९२४ मध्ये नागपुरात, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ मध्ये पदविका घेतली. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना पटायचं नाही, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे, म्हणजे वस्तूला धरून नसलेलं. तेव्हा त्यात वस्तू शोधणं हे देवळात जाऊन तिकीट खिडकी शोधण्यासारखं झालं. ते रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पुरी करायचे. म्हणून 'काय आहे?' ऐवजी 'हे कसं झालं असेल?' असं विचारा. या प्रश्नाला हातानं उत्तर देता येतं.

देऊन बघा. जाड पुठ्ठा घ्या, त्यावर ॲक्रिलिकचा एक थर देऊन वाळवा. पोस्टर कलर नको, वरचा हात फिरला की तो ओला होऊन उचलून येतो. वर दुसऱ्या रंगाचा थर द्या आणि ओला असतानाच जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडा. पाचेक मिनिटांत काहीतरी झकास होईल. तिथे थांबू नका. अजून एक थर द्या, अजून खरवडा. थोड्या वेळानं असं होईल की जे झकास होतं ते गेलं, आणि आता कुठे थांबावं तेच कळेना. एक रेघ कमी की जास्त, हा कोपरा शांत ठेवायचा की नाही, सगळं तुमच्यावर, विचारायला समोर तांब्याही नाही. असे तीन पुठ्ठे वाया घालवून मग गायतोंडेंचं चित्र उघडा. तुम्हाला ते आवडेलच असं मी म्हणत नाही. मलाही अमूर्त म्हणून खपणारं बरंच काही सोफ्याच्या रंगाला जुळवून काढल्यासारखं वाटतं. पण हसू येणार नाही.

फोटोंवरून किती दिवस बघणार? तुमच्या जिल्ह्यातच औंध आहे. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी चित्रसंग्रहालय. राजा रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माता-बालकाचं शिल्पही आहे, तेही औंधसारख्या गावी. बाळासाहेब स्वतः नेमानं चित्रं काढायचे, संस्थानचा कारभार सांभाळून. तेव्हा वेळ मिळत नाही ही सबब त्या इमारतीत तरी चालायची नाही! पहिल्यांदा एकट्या जा. सगळं बघायचं नाही. एक चित्र निवडा आणि अर्धा तास त्याच्यासमोरून हलू नका. उजेड कुठून येतो, डोळा आधी कुठे जातो, मग कुठे, चित्रकारानं काय गाळलं, हे वहीत लिहा. मग अगदी जवळ जाऊन जरीचा काठ बघा आणि तीन पावलं मागे येऊन पुन्हा बघा. मुलांना नंतर न्या, आणि पन्नासजणांची रांग वीस मिनिटांत फिरवून आणू नका. दहाच न्या.

परीक्षांना मी नावं ठेवत नाही. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. सुरू झालं, पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची शिकवण्याची पद्धत इथे रुळली, आणि वस्तुचित्र, नक्षी, भूमिती ही आपली चौकट त्याच वळणाची. तिनं हात तयार होतो, तेवढा घ्यावा. माझा राग फक्त स्मरणचित्रावर, म्हणजे आठवणीतून प्रसंग काढायच्या पेपरावर आहे, कारण क्लासवाल्यांनी त्याचं पाठांतरचित्र केलंय. बाजार असो, बसस्टॉप असो की रंगपंचमी, कमरेवर हात ठेवलेली तीच बाई सगळीकडे हजर. तुमच्या पोरांच्या कागदावर ती बाई दिसली तर तिला आधी घरी पाठवा, आणि विचारा, तुमच्या गावच्या बाजारात भाजीवाली मावशी बसते कशी?

राहिला तो मुलगा. त्याच्या कागदावर रेघ मारली ते नको होतं, हे त्याला एकट्याला गाठून सांगा, दोन वाक्यांत, फार भावुक न होता. यापुढे कुणाच्याही कागदावर हात चालवू नका. दाखवायचंच असेल तर बाजूला वेगळी चिठ्ठी घ्या. चाराचे सहाही करू नका, पोरांना दया लगेच ओळखू येते. 'छान' हा शब्दही महिनाभर बंद. त्याऐवजी जे दिसतं ते बोला: "कासव तळाशी ठेवलंस, मासे वर." मग तो आपण होऊन सांगेल का ठेवलं ते.

पुढे एक तास सगळ्या वर्गाला विहीर द्या, तीन वेळा. एकदा वरून उडणाऱ्या कावळ्याला दिसते तशी. एकदा तळाशी बसलेल्या कासवाला वर बघून दिसते तशी. हे पोरांना भारी आवडतं, कारण आकाशाची टिकली होते. आणि एकदा काठापासून चार पावलांवर उभ्या माणसाला दिसते तशी. खऱ्या विहिरीवर वर्ग घेऊन जाऊ नका, उगाच जिवाला घोर. पाण्यानं अर्धी भरलेली बादली बाकावर ठेवली तरी काम भागतं. तिसऱ्या विहिरीत लंबवर्तुळ लागेल. त्या वेळी ते मागत कुणी तुमच्याकडे आलं, की बांगडी काढा.

कार्टून काढायला त्याला मनाई करू नका. ते कार्टून त्याच्या विहिरीत पोहायला उतरलं तर दम लागल्यावर कशाला धरेल, पायरीला की मोटरीच्या पाइपला, एवढं विचारा आणि कागद पुढे सरकवून दुसऱ्या बाकाकडे जा. पाइप कसाही काढू दे. त्या दिवशी बांगडी हातातच असू द्या.